मदत हवी आहे: सुक्या रीफ दगडातून फॉस्फेट सुटतच आहे, आणि मृग तोंडावर आलाय

नमस्कार मंडळी,

घर देवगडला, सड्यावर. खाऱ्या पाण्याची साधारण २०० लिटरची टाकी करायची आहे. क्लाउनफिशची जोडी आणि पुढेमागे दोनचार मऊ प्रवाळ, एवढाच हट्ट. मुंबईच्या एका मित्राने टाकी मोडली, तिच्यात रचलेला भोकाभोकांचा रीफ दगड तीन वर्षं गोणीत भरून त्याच्या माळ्यावर पडला होता. अठरा किलो. तो मी एसटीतून आणला.

'सुका' हे नावालाच. भोकाभोकांत वाळलेले स्पंज, किड्यांच्या नळ्या, एका खळग्यात अख्खा खेकडा वाळून बसलेला. ब्रशने घासला, मग आंबे धुवायच्या निळ्या पिंपात दहा भाग पाणी, एक भाग ब्लीच असा आठवडाभर बुडवला. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. नंतर विहिरीच्या पाण्याने चार वेळा धुतला, उरलेलं क्लोरीन मारायला थायोसल्फेट टाकलं, आणि आंब्याच्या क्रेटमधून अंगणात उन्हाला घातला. ऐन हंगामात पिंप आणि क्रेट दोन्ही अडवल्यामुळे बाबा आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते.

पुढे तोच दगड समुद्राच्या पाण्यात, झाकण लावून, अंधारात, आत पंप. पाणी एप्रिलमध्ये भरतीच्या वेळी कातळाच्या बाजूने आणलं, जेटीपासून लांब. खारटपणा रेफ्रॅक्टोमीटरवर बरोब्बर ३५. हीटर लागतच नाही, पाणी आपलं आपणच २८ वर असतं. पहिले दोन आठवडे अमोनिया २ पीपीएमपर्यंत चढला आणि वासही सुटला. शेजारच्या काकी कुंपणावरून विचारून गेल्या, "काय कुसला रे हयसर?" सुकट वाळवणाऱ्या घरातल्या बाईने हे विचारावं, यावरून काय ते समजा.

आता पाचवा आठवडा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, वास गेला. अडलंय ते फॉस्फेटवर, तो जास्त असला की टाकीत शेवाळ माजतं. ०.९ पीपीएम होता. सगळं पाणी बदललं, त्या संध्याकाळी ०.२. मनात म्हटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी ०.८. परत बदललं, परत तेच. असं तीनदा झालं.

मृग आठवड्यावर आलाय. एकदा पाऊस लागला की खाडीचं लाल पाणी समुद्रात उतरणार, खारटपणा पडणार, म्हणजे सप्टेंबर संपेपर्यंत किनाऱ्याचं पाणी विसरायचं. कॅनमध्ये ६० लिटर साठवलंय, बस्स. शिवाय ऊनही जाणार.

तर विचारायचं असं: पाणी बदलत राहू, की अ‍ॅसिडने धुऊ? आणि वीज दोन-दोन दिवस जाते तेव्हा पिंपातल्या दगडाचं काय करायचं?

कुणी सांगायच्या आधीच: मालवणला जाऊन पडलेलं प्रवाळ उचलून आण, हा सल्ला मिळून झालाय. ते करणार नाही. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडासुद्धा घरात नको. आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे.

---

कातळावरचा: समुद्र दारात असताना समुद्र घरात कशाला, हे विचारत नाही. पण अंगणात जांभा फुकट पडलाय की. भोकंही भरपूर.

सड्यावरून (धागाकर्ता): भोकं आहेत, पण जांभा म्हणजे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. रीफचा दगड कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. चिरा घराला बरा.

खारेपाणी: पाणी बदलून हे सुटणार नाही. फॉस्फेट पाण्यात नाही, दगडाला चिकटलेलं आहे. कार्बोनेटचा दगड ते धरून ठेवतो. बाहेरचं पाणी स्वच्छ केलं की तो थोडं सोडतो, तोल जमला की थांबतो. तुमचे आकडे नेमकं हेच सांगताहेत. तीन वर्षं माळ्यावर ठेवून यात काही फरक पडत नाही, फॉस्फेट वाळून उडत नाही.

आधी एक करा. कॅनमधलं दगड न घातलेलं पाणी तपासा. किनाऱ्याच्या पाण्यातही थोडं असतंच.

मग दोन वाटा. एक, लँथनम क्लोराइड. पोहण्याच्या तलावाचं सामान विकणाऱ्याकडे फॉस्फेट काढायचं औषध म्हणून मिळतं. पिंपात थोडं थोडं घाला, पाणी दुधाळ होईल, एक दिवस थांबा, मोजा, पुन्हा घाला. पिंपात मासे नाहीत तोवरच हा खेळ करून घ्या. दुसरी वाट अ‍ॅसिडची. फरशी धुवायचं असतं ते, दहा भाग पाण्यात एक भाग. पाण्यात अ‍ॅसिड, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही. फेस येईल, तो कार्बन डायऑक्साइड. वरचा थर विरघळून जातो आणि त्याबरोबर तिथलं फॉस्फेट. खोल भोकांतलं मात्र राहतं, आणि पाच आठवडे जमवलेले, अमोनिया पचवणारे जिवाणूही मरतात. म्हणून मी तरी आधी लँथनमच करून बघेन.

भरतीओहोटी: अ‍ॅसिड करणार असाल तर ते ब्लीचचं पिंप घेऊ नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, हे थट्टेवारी नेऊ नका. प्लास्टिकचं वेगळं टब, उघड्यावर, चष्मा, हातमोजे. उरलेलं पाणी खायचा सोडा घालून फेस थांबेपर्यंत मारा, मगच ओता. कलमांच्या मुळाशी तर नकोच.

विजेचं: बॅटरीवरचा हवेचा पंप घ्या, स्वस्त असतो. बंद पिंपात पाणी हललं नाही की ऑक्सिजन संपतो आणि दगडावरचे जिवाणू गुदमरतात. निदान झाकण उघडं ठेवा.

पावसाला शिव्या देऊ नका. पहिल्या चार-पाच सरी जाऊ द्या, मग उघड्यावर टब ठेवून पाणी धरा, पागोळीखाली नको, कौलावरचं शेवाळ येतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा, शून्याच्या जवळ असलं तर त्यातच टाकीसाठी मिळणारं समुद्री मीठ कालवा. आरओ फिल्टरचा खर्च वाचेल.

सड्यावरून (धागाकर्ता): कॅनमधलं पाणी तपासलं, ०.१. म्हणजे दोषी दगडच. लँथनमची चौकशी कणकवलीत करतो. पावसाच्या पाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं, आणि इथे चार महिने तेच पडतं. एकच शंका, ते दुधाळ पाणी आजोबांच्या जुन्या धोतरातून गाळलं तर चालेल का?

खारेपाणी: धोतरातून तो पांढरा साका निसटेल, फार बारीक असतो. पंप बंद करून दोन-तीन तास तळाला बसू द्या आणि वरचं पाणी नळीने काढून घ्या. दगड त्याच पाण्यात खळबळून घ्या, खळग्यांत साका राहतो. धोतर कॅनवर बांधायला ठेवा, डास होतील.