अनुभव धागा: पहिली कथा छापून येईपर्यंत

1909 साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून दिवाळी अंक हे मराठी कथेचं हक्काचं घर. साहित्य मात्र उन्हाळ्यापासूनच मागवलं जातं, म्हणून धागा आत्ताच काढतेय. तुमची पहिली कथा किंवा पुस्तक छापून येईपर्यंत त्याचं काय काय झालं ते लिहा. 'भरपूर वाचा, रोज लिहा' नको, ते सगळ्यांना पाठ आहे.

शिक्षिका, बीड जिल्हा
माझी कथा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची. विषय परका नव्हता, आमच्या शाळेतली कितीतरी पोरं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्यावर जातात. तरी कथा परत आली. एका वाक्याखाली रेघ आणि समासात प्रश्न, "ही बाई तुमच्यासारखी का बोलते?" वाक्य होतं, 'घेतलेली उचल अजून फिटलेली नाही आणि मुकादम फोन घेत नाही.' आधी रागच आला. मी बोलीतच वाढले, पण लिहायला बसले की शाळेतली मराठी पेनात उतरायची! पुढचे दोन महिने फक्त संवाद लिहिले, मोठ्याने म्हणून बघत. ते वाक्य झालं, 'उचल फिटंना आन् मुकादम फोन उचलंना.' गंमत म्हणजे बाई तिच्या भाषेत बोलायला लागल्यावर निवेदनातले दोन परिच्छेद फालतू ठरले. तिचं दुःख समजावून सांगायला मी ते घातले होते. निवेदन प्रमाणभाषेतच ठेवलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या अंकात कथा लागली.

कणकवली
बाई नशीबवान. माझे मालवणी संवाद न विचारता प्रमाण करून छापले. आता पाठवतानाच लिहितो, बोली बदलायची असेल तर आधी कळवा.

डोंबिवली
युनिकोडची फाईल त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये घेताना रफार उडाले. 'कर्ज'चं सगळीकडे 'कज'. कथा सावकाराची होती. प्रूफ मागून घ्या.

बँकेतून निवृत्त, सांगली
एकच कथा तीन अंकांना पाठवली. कुठेच लागणार नाही याची खात्री होती. दोघांचे होकार आले! दुसऱ्या संपादकांना फोन केला तर त्यांचा तो फॉर्म छापूनही झाला होता. फॉर्म म्हणजे एकदम छापली जाणारी सोळा पानं. ते काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. पुढे त्यांना कथा पाठवायचं धाडस झालं नाही. मानधनाचं विचाराल, तर अंक घरी आला, तेच.

नागपूर
कवितासंग्रहासाठी प्रकाशकाने 500 प्रतींचा खर्च माझ्याकडून घेतला. त्यातल्या तीनशे अजून दिवाणात आहेत, पाहुणे आले की गादी उचलायची सोय नाही. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, हे मला नंतर कळलं. दुसरं, करार नीट वाचा. हक्क किती काळासाठी देताय ते लिहिलेलं नसेल, तर 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते पाच वर्षांपुरतेच धरतात. मला वाटत होतं जन्मभराचे गेले.

नवखी, पुणे
अजून काहीच छापून आलेलं नाही. मागच्या आठवड्यात पहिली कथा पाठवली, उत्तर नाही. फोन करू का?

धागाकर्ती
आठवड्यात? गणपती तरी येऊ देत.