अनुभव धागा : प्रोजेक्टसाठी कंपनीची माहिती कुठून काढलीत?

या दिवसांत बीबीए-एमबीएची मुलं फाइल घेऊन उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, फिरताना दिसतात. हाती येतं ते कंपनीचं माहितीपत्रक, आणि प्रोजेक्टमध्ये तेच उतरवलं जातं. यंदा माझ्या मुलीचा नंबर आहे. तुम्ही खरी माहिती कशी मिळवलीत ते लिहा. तक्रार असेल तर नाव न घेता.

टिळकवाडीहून
मी प्रोजेक्टला एक फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) घेतली होती, प्रायव्हेट लिमिटेड. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आधी कागद वाच, मग गेटवर जा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव, स्थापनेची तारीख, संचालक हे फुकट दिसतं. शंभर रुपये भरले की ताळेबंदही उघडतो. कर्जासाठी काय तारण आहे तेही तिथंच कळतं. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत ‘निर्यातदार’ असं होतं, आणि संचालकांच्या अहवालात परकीय चलनाची मिळकत शून्य! मला वाटलं, खोटं पकडलं. तरी लिहिण्याआधी हिशेबनिसांना जाऊन विचारलं. त्यांनी माल पाठवल्याची चलनं काढून दाखवली. कास्टिंग पुण्याच्या एका व्यापाऱ्याला विकलं जायचं, आणि परदेशी पाठवायचा तो. म्हणजे माल बाहेर जात होता, पण पैसे रुपयांत येत होते. न विचारता लिहिलं असतं तर एका प्रामाणिक माणसावर अन्याय झाला असता. ती भेट माझ्या प्रोजेक्टचा सगळ्यात चांगला भाग ठरली.

अथणी भागातून
कंपनीचा एकवीस अक्षरी नोंदणी क्रमांक वाचायला शिका. पहिलं अक्षर एल असेल तर ती शेअर बाजारात नोंदलेली, मग वार्षिक अहवाल फुकट मिळतो. यू असेल तर नोंदलेली नाही. त्याच क्रमांकात स्थापनेचं सालही असतं. उगार शुगरचा कारखाना कर्नाटकात, आपल्या उगार खुर्दला, पण नोंदणीकृत कार्यालय सांगलीत. सीमेवर हे नेहमीचंच, म्हणून पत्ता बघून राज्य ठरवू नका.

चिकोडीहून
माझे दोन आठवडे वाया गेले. साखर कारखाना निवडला आणि मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधत बसले. सापडणार कसा, तो सहकारी! सहकारी संस्थेची नोंद सहकार निबंधकाकडं असते. शेवटी मामांना विचारलं. ते ऊस घालणारे सभासद, वार्षिक सभेचे चार वर्षांचे अहवाल त्यांच्या कपाटातच होते. सगळे कन्नडमध्ये. शेजारच्या अक्कांनी तीन संध्याकाळी बसून वाचून दाखवले, मी गाळप, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) आणि बँकांची देणी वहीत उतरवून घेतली. चार वर्षांचा उतारा एका रेषेत मांडल्यावर सरांनी विचारलं, हे आकडे कुठले? आनंदानं सांगितलं, मामांच्या कपाटातले. अक्कांचे आभार पहिल्या पानावर छापलेत.

निपाणीहून
तंबाखूची पेढी, भागीदारीतली. अशा पेढीचा ताळेबंद बाहेर मिळत नाही, त्यात वेळ घालवू नका. बिलावरचा जीएसटी क्रमांक घ्या. सुरुवातीला 29 असेल तर कर्नाटक, 27 असेल तर महाराष्ट्र. आमच्या पेढीचे दोन्ही निघाले, कारण कोल्हापुरातही त्यांचं गोदाम होतं. विवरणपत्रं वेळेवर भरतात का, तेही जीएसटीच्या संकेतस्थळावर दिसतं. बाकीचं मालकांनी सांगितलं, पण तिसऱ्या भेटीत. पहिल्या दोन भेटींत फक्त चहा झाला.