अनुभव धागा : बिडाची रेंज आणि रविवारचा रोस्ट

मंडळी, इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडमधल्या जुन्या घरांत राहिलेल्या किंवा रविवारी दुपारी कुणाकडे जेवायला बोलावणं आलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. विषय दोन, पण एकमेकांना चिकटलेले: स्वयंपाकघरात कायम तापलेली बिडाची रेंज, म्हणजे वर तवे आणि आत भट्ट्या असलेली मोठी चूल, आणि तिच्यात भाजलेलं रविवारचं जेवण.

सुरुवात मी करते. श्रॉपशरमधल्या एका शेतघरात आम्ही भाड्यानं राहतो. घराबरोबर मलई रंगाची जुनी आगा, म्हणजे त्या नावाची रेंज, मिळाली. वर दोन जाड झाकणं. डावीकडच्या झाकणाखाली कडक तापलेला तवा, उजवीकडच्याखाली मंद. पुढे भट्ट्यांची दारं: वरची रोस्टिंगची, साधारण 220-240 अंशांची, आणि खालची मंद आचेची. ज्योत नाही, आच कमीजास्त करायचं बटणही नाही. आपला हात सारखा गॅसच्या बटणाकडे जातो. इथे आच आहे तिथेच राहते आणि भांडं हलतं. फोडणी डावीकडे, परतणं उजवीकडे, मग झाकण घालून खालच्या भट्टीत. झाकणं फार वेळ उघडी राहिली तर साठलेली उष्णता निघून जाते, म्हणून इथली अनुभवी माणसं ऐंशी टक्के स्वयंपाक भट्टीत आणि वीस टक्के वर करा असं सांगतात. वरणाला वर उकळी आणून मी पातेलं खाली सरकवते. दुपारपर्यंत डाळ इतकी एकजीव होते की रवी लागतच नाही. कुकरच्या शिट्ट्यांनी ही चव येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता तुम्ही लिहा. घर, माणसं, पदार्थ, काहीही चालेल.

लीड्सजवळून

आमच्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचं हे ठरलेलंच. यॉर्कशर पुडिंग मी त्यांच्या शेजारी उभी राहून शिकले. अंडी, दूध आणि मैदा मापानं सारखे, म्हणजे अंडी फोडून पेल्यात जिथवर येतील तेवढंच दूध, तेवढाच मैदा. चिमूटभर मीठ. पीठ सरसरीत भिजवून तासभर तरी मुरत ठेवायचं. पत्र्याच्या साच्यात प्रत्येक वाटीत बीफची चरबी घालून साचा भट्टीच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवायचा. चरबीतून धूर निघायला लागला की पीठ ओतायचं, आणि ओतताना चर्र आवाज आलाच पाहिजे. मग वीस मिनिटं दाराला हात लावायचा नाही. बाई खरोखरच दारापुढे खुर्ची टाकून बसायच्या. बाहेर येतात तेव्हा पुडिंगं पुरीसारखी टम्म फुगलेली असतात, कडा खरपूस, तळ मऊ.

त्यांच्या लहानपणी मांस बेताचंच असायचं. म्हणून आधी पुडिंग आणि ग्रेव्ही वाढायचे, पोट थोडं भरलं की मग मांस. त्या अजूनही तसंच वाढतात. पहिल्या ताटलीत फक्त पुडिंग आणि कांद्याची ग्रेव्ही. मला विचाराल तर त्या जेवणातली सगळ्यात चांगली ताटली तीच.

रत्नागिरीहून

मी इंग्लंड पाहिलेलं नाही, पण विषय घरातलाच आहे. वडील ब्रिटिश कंपनीच्या मालवाहू बोटीवर भंडारी, म्हणजे खलाशांचे स्वयंपाकी, होते. खलाशांचा भात-कालवण त्यांच्याकडे, अधिकाऱ्यांचं जेवण दुसऱ्या कुककडे, पण गॅली, म्हणजे बोटीवरचं स्वयंपाकघर, एकच आणि रेंजही एकच. रेंजच्या माथ्यावर लोखंडी पट्ट्यांची चौकट असायची, बोट डोलली तरी टोप घसरू नयेत म्हणून. रविवारी अधिकाऱ्यांचा रोस्ट असायचा. बटाटे कसे करायचे ते वडील त्या कुककडून शिकले, आणि सुट्टीवर आले की आईच्या चुलीवर, बिडाच्या तव्यात, वर निखाऱ्यांचं झाकण ठेवून करायचे. आधी अर्धवट उकडायचे, पाणी काढून वाफ जिरू द्यायची, मग झाकण धरून टोप दणादण हलवायचा, म्हणजे कडा फुटून खरबरीत होतात. त्या खरबरीत कडाच कुरकुरीत होतात. आमच्याकडे चरबीऐवजी खोबरेल असायचं. मी अजून तसेच करतो, फक्त चूल गेली.

स्कॉटलंड, हायलँड्स

धागाकर्तीच्या घरी आगा, आमच्याकडे तिची धाकटी बहीण रेबर्न. 1946 मध्ये ती बाजारात आली ती साध्या, लहान घरांसाठी. आमची लाकडावर आणि कोळशावर चालते. तिच्यामागे पाण्याची टाकी बसवलेली असते, त्यामुळे आंघोळीचं पाणी आणि रेडिएटरसुद्धा हिच्यावरच. सकाळी उठल्यावर पहिलं काम राख हलवायची, राखेचं खालचं खण रिकामं करायचं, दारावरची हवेची चकती फिरवून उघडायची, लाकूड घालायचं. थोड्या वेळानं आतून घुमल्यासारखा आवाज यायला लागतो आणि स्वयंपाकघर जागं होतं. माझं बालपण चंदगडकडचं, चुलीपुढचं. राख काढणं, जाळ सारणं ही कामं माझ्या हाताला नवी नव्हती, आणि इथे परक्या देशात ती कामं परत मिळाल्याचा मला फार आनंद आहे.

रात्री ओट्स, पाणी आणि मीठ झाकणाच्या भांड्यात घालून भट्टीच्या तळाशी ठेवते, विझत्या आचेवर. सकाळी पॉरिज तयार. रविवारी मटणाचा पाय. गुरुवारी-शुक्रवारीच कुठलं लाकूड सुकलंय ते बघून ठेवावं लागतं, कारण ओल्या लाकडावर रोस्ट होत नाही, नुसता धूर होतो. नवरा म्हणतो हा एवढा व्याप कशाला, इलेक्ट्रिक ओव्हन घेऊ. पण हिवाळ्यात तीन-साडेतीनला अंधारून येतं, वीज जाते, आणि तेव्हा गावातली माणसं आमच्याकडे किटली घेऊन येतात. मी रेबर्न काढणार नाही.

सॉमरसेटहून, शाकाहारी घर

मांसाशिवाय रोस्ट कसला, असं पुष्कळदा ऐकलंय. आमच्याकडे दर रविवारी होतो. अख्खा फ्लॉवर दही, आलं-लसूण, तिखट लावून भाजलेला; पार्सनिप (गाजरासारखं पांढरट कंद), गाजर, लाल कांदे; सूर्यफुलाच्या तेलातले बटाटे. ग्रेव्हीसाठी कांदे खालच्या भट्टीत दोन-अडीच तास, पार तपकिरी होईपर्यंत, मग थोडा मैदा, बटाटे उकडलेलं पाणी आणि चमचाभर मार्माइट, म्हणजे यीस्टचा दाट, खारट अर्क. रंगाला आणि चवीला काही कमी पडत नाही.

आणि थालीपीठ! आगाचा मंद तवा नुसता पुसून त्यावर थेट भाजता येतं, इथले लोक त्यावर पॅनकेक घालतातच. मी बेकिंगच्या कागदावर थालीपीठ थापते, मधे भोक पाडते, कागदासकट तव्यावर टाकते, आणि एक बाजू झाली की उलटून कागद सोलून काढते. वरचं जाड झाकण मिनिटभर खाली आणलं की दोन्हीकडून आच लागते. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांनी तीन दिवस दुसरं काही करूच दिलं नाही. वांगंही वरच्या भट्टीच्या तळावर नुसतं ठेवायचं, साल काळी पडते आणि आतला गर नीट शिजतो. भरीत चांगलं होतं, निखाऱ्याचा धूर मात्र त्यात नसतो, तेवढं खरं.

टेलफर्डहून

मी ओतकामातला माणूस, म्हणून थोडं यंत्राबद्दल. आगा मूळची स्वीडनची. गुस्ताफ दालेन हा तिचा कर्ता. दीपगृहांच्या दिव्यांसाठी आपोआप चालणारे गॅस-नियंत्रक केले म्हणून त्याला 1912 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी अ‍ॅसिटिलीनच्या स्फोटात त्याची दृष्टी गेली. घरी असताना पत्नी एल्मा चुलीपुढे दिवसभर किती राबते हे त्याच्या लक्षात आलं आणि 1922 मध्ये त्यानं ही रेंज तयार केली. लहानसा जाळ, भोवती बिडाचं भरपूर वस्तुमान, बाहेरून जाड उष्णतारोधक थर. जाळ हळूहळू बीड तापवतो आणि बीड ती उष्णता सगळ्या बाजूंनी सारखी सोडतं. म्हणून मांस कोरडं पडत नाही.

आमच्या इथून जवळ कोलब्रुकडेल. 1709 मध्ये अब्राहम डार्बीनं दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळलं ते तिथे. पुढे आगाचे ओतीव भागही त्याच गावात ओतले जात. 2017 च्या नोव्हेंबरात ती फाउंड्री बंद झाली. भट्टी थंड होणं म्हणजे काय ते ओतकाम करणाऱ्यालाच कळतं. मला फार वाईट वाटलं.

स्विंडनहून

आमच्या गावात गोंयकार खूप, त्यामुळे रविवारी मिस्सानंतर रोस्ट असतोच, पण तो आमचा: आसाद. बीफचा मोठा तुकडा आलं, लसूण, मिरी, दालचिनी, लवंग आणि व्हिनेगरमध्ये रात्रभर मुरवायचा, सकाळी जाड बुडाच्या टोपात सगळीकडून लाल करायचा, मग पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर. म्हापशाला आई लाकडाच्या चुलीवर करायची. इथे शेजारच्या आजींची आगा आहे. त्या मला खालच्या भट्टीत जागा देतात, आम्ही चर्चला जाऊन येईपर्यंत टोप तिथेच. तुकडा थोडा निवू द्यायचा, मग पातळ कापायचा, टोपातला रस्सा आटवून वर ओतायचा. आजींच्या टेबलावर आता त्यांचे बटाटे आणि आमचा आसाद एकत्र असतात. हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळाचा सॉस त्या आसादाबरोबरही घेतात, आणि मीही घ्यायला लागलो.

धागाकर्ती

काय सुंदर लिहिताय सगळे. आसाद या रविवारीच करणार. स्विंडनचे दादा, व्हिनेगर कुठलं ते सांगा, माडाचंच लागतं का?

दोघांनी जुनी आगा विकत घ्यावी का असं विचारलंय. आधी फरशी तपासून घ्या, वजन काही शे किलो असतं. ती सुटी करून आणतात आणि जागेवर जोडतात, तेव्हा हे काम येणारा माणूस आधी शोधा आणि मग पैसे द्या. तेलाचा किंवा विजेचा खर्चही नीट विचारून घ्या. 2022 मध्ये दर चढले तेव्हा आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी आपापली रेंज बंद ठेवली होती. हल्ली जुन्या आगाच्या आत विजेची यंत्रणा बसवून मिळते, म्हणजे हवी तेव्हा चालू करता येते. उन्हाळ्यात तर ती बंदच ठेवावी, स्वयंपाकघरात उभं राहवत नाही.