कार्बन प्लेटवाले शूज : दोन तासांच्या हाफवाल्याने घ्यावेत का? (पैसे जमलेत पण मन धजत नाही)

रंकाळा_पहाट
नमस्कार मंडळी. वय ४१, कोल्हापूर, तीन वर्षं झाली पळतेय, हाफ मॅरेथॉनचा (२१.१ किमी) बेस्ट २:०४. येत्या जानेवारीत मुंबईला हाफ आहे आणि एकदाचं दोनच्या आत यायचंय, म्हणजे किमीला ५:४१ चा पेस धरून ठेवायचा. आठवड्याला ४०-४५ किमी होतात, मंगळवारी इंटरव्हल (थांबून थांबून जोरात), गुरुवारी टेम्पो (सलग जरा जोरात), रविवारी लाँग रन. सध्या एकच जोडी आहे, साधा डेली ट्रेनर, त्याचेही ६०० च्या वर किमी झालेत आणि बाहेरच्या बाजूने टाच पार घासलीय.

आता आमच्या ग्रुपात चार जणांनी कार्बनवाले (सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेले) घेतले आणि जो तो म्हणतो घ्या हो ताई, उडाल. भिशीचे २२ हजार हातात आहेत. घरी विषय काढला तर अहो म्हणाले की एवढ्यात तर गाडीचे चारही टायर येतील, आणि ते तरी ४० हजार किमी चालतात. हसायला आलं पण बोलणं काही चुकीचं नव्हतं. तर प्रश्न असा की माझ्या स्पीडला याचा खरंच उपयोग होतो का, की हे फक्त पुढे पळणाऱ्यांसाठी, आणि घेतलेच तर इंटरव्हलला पण वापरायचे का रेसलाच? पाय पुढून रुंद आहे हेही सांगून ठेवते.

सुसाट_सांगली
ताई घ्या डोळे झाकून. मी गेल्या वर्षी घेतले, पहिल्याच रेसला १० किमीमध्ये दीड मिनिट कमी. पैसे काय परत मिळतात, पीबी (स्वतःचा बेस्ट टाइम) नाय मिळत 😄

मशीनशॉप
वरच्या भावाचं मनावर घेऊ नका, त्याच काळात तो सात किलो उतरला होता हे तो सांगत नाहीये (ओळखतो मी त्याला).

माझं जरा लांबेल. माझी एक जुनी जोडी संपली तेव्हा फेकायच्या ऐवजी शॉपवर नेऊन बँडसॉवर उभी कापली, आत नेमकं आहे काय म्हणून. पोरं बघायला गोळा झाली. टाचेपासून बोटांपर्यंत काळी पातळ पट्टी, टाचेकडे वर असते, मध्ये खाली उतरते आणि चवड्यापाशी परत वर वळते, थेट आमटीच्या पळीसारखी. तिच्या वर फोम आणि खाली फोम. हातात घेऊन वाकवली तर जोर लावावा लागतो आणि सोडली की टणकन सरळ. मला वाटलं हीच स्प्रिंग, हीच आपल्याला फेकते पुढे. पण तसं नाहीये. खरं काम फोमचं. नाईकीच्या पहिल्या वेपरफ्लाय शूजवर अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात जी टेस्ट झाली त्यात त्या फोमने दाबायला लागलेल्या ऊर्जेतली ८७ टक्के परत दिली, त्याच टेस्टमधल्या साध्या ईव्हीए (नेहमीचा फोम) सोलच्या शूजनी ६६ टक्क्यांच्या आसपास. नंतर दुसऱ्या एका अभ्यासात वेपरफ्लायच्या प्लेटला मुद्दाम आडवे काप देऊन तिचा कडकपणाच घालवला आणि लोकांना पळवलं, तर ऑक्सिजनच्या खर्चात जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक. म्हणजे प्लेट काढली की सगळं संपलं असं नाही, ती एवढ्या मऊ उंच फोमला आकारात धरते आणि अंगठ्यामागचा सांधा फार वाकू देत नाही. कार्बन कार्बन म्हणून आपण जिचे पैसे मोजतो ती पट्टी आहे आणि पळवतोय तो फोम, गंमत आहे.

आता तुमच्या स्पीडचं. वेपरफ्लायने पळायची ऊर्जा ४ टक्के वाचते म्हणतात ना, ते प्रसिद्ध ४ टक्के ज्यांच्यावर मोजले ती १० किमी ३२ मिनिटांच्या आत मारणारी पोरं होती, ताशी १४, १६ आणि १८ किमीच्या वेगाने ट्रेडमिलवर. २०२३ मध्ये हीच गोष्ट हळू वेगावर तपासली, तर ताशी १२ ला सरासरी १.४ टक्के फायदा आणि ताशी १० ला ०.९ टक्के, आणि तीही सरासरी, काही जणांचा खर्च उलट वाढला. तुमचा २:०४ म्हणजे ताशी १० च्या थोडं वर. आता ७४४० सेकंदांचे ०.९ टक्के काढा, ६७ सेकंद येतात. तुम्हाला पाहिजेत चार मिनिटांच्या वर. म्हणजे शूजने मिनिटभर दिलं असं धरलं तरी बाकीची तीन गुरुवारच्या टेम्पोतूनच काढायला लागतील. मिनिटभरासाठी २२ हजार महाग की स्वस्त हे तुमचं तुम्ही ठरवा, २:००:४० ला फिनिश लाइन ओलांडलेल्या माणसाला विचाराल तर तो स्वस्त म्हणेल.

पोटरी_दुखरी
नाव वाचलंत ना, यातच आलं सगळं. मी रोज घालायचो. इझी रनला पण तेच कारण बाकीचे शूज मग दगडासारखे वाटायला लागतात, ही एक सवयच लागते. दीड महिन्यात पोटऱ्या अशा भरल्या की जिना उतरताना कठड्याला धरून, मग पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे, एका बोटाने दाबलं की कळ. फिजिओने पहिल्यांदा शूजच हातात घेऊन वाकवून बघितले आणि म्हणाली हे रोज?? एमआरआय काढला, नशीब फक्त सूज होती. तिनेच सांगितलं की या जागच्या नॅव्हिक्युलर नावाच्या हाडाला ताणाने चीर गेलेल्या पाच धावपटूंच्या केसेस २०२३ मध्ये छापून आल्यात, सगळे कार्बनवाले. पाच म्हणजे काही पुरावा नव्हे हेही तीच म्हणाली, पण सवय हळूहळू करायची एवढं तरी त्यातून घ्या. ताई तुमची टाच बाहेरून घासतेय म्हणताय, हे शूज टाचेला अरुंद, वरून उंच आणि मऊ असतात, पाय त्यावर कसा डुलतोय ते कुणाला तरी मागून व्हिडिओ काढायला लावा.

घाटमाथा_सातारा
+१. हे शूज सरळ रस्त्याचे. मी हौसेने सातारा हिल हाफ मॅरेथॉनला घातले होते, यवतेश्वरचा घाट चढताना ठीक होतं, उतरताना वळणावर घोटा दोनदा मुरगळता मुरगळता राहिला, त्यात सप्टेंबर, रस्ता ओला. शेवटचे पाच किमी मी घाबरून ब्रेक लावत उतरलोय. मुंबईला तसं काही नाही, सी लिंक सपाट, मी पळालो तेव्हा पेडर रोडचा चढ तेवढा होता. फक्त पाण्याच्या स्टेशनला जपा, सगळा रस्ता ओला आणि खाली पाकिटं पडलेली असतात, पातळ रबर सटकतं.

रंकाळा_पहाट
बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद. मशीनशॉप दादा ते ६७ सेकंद मी कागदावर लिहून फ्रीजला लावलेत. काल पुण्याला भावाकडे गेले होते तेव्हा दुकानात जाऊन तीन घालून बघितले. एकात करंगळी अशी दाबली गेली की लेस बांधायच्या आधीच काढला. दुसऱ्यात उभं राहिलं की पुढे ढकलल्यासारखं होतं, दुकानातला मुलगा म्हणाला याच्यात उभं नाही राहायचं मॅडम, पळायचं. मग मी त्या एवढ्याशा दुकानात भिंतीपासून काउंटरपर्यंत पळून दाखवलं, भाऊ बाहेर जाऊन उभा राहिला 😅. आता हे नायलॉन प्लेट, ग्लास फायबर, काही प्लेटच नसलेले, हा काय प्रकार आहे? तो मुलगा सगळ्यालाच रेसिंग रेसिंग म्हणत होता.

बालेवाडी_लेन_१
मी सांगतो, माझ्या घरात यातले सहा जोड आहेत आणि बायकोला तीनच माहीत आहेत.

तुमच्यासाठी मधला प्रकार बघा. सॉकनी एन्डॉर्फिन स्पीडमध्ये नायलॉनची प्लेट असते, वाकते, पायाला सोसते, इंटरव्हल टेम्पो रेस सगळ्याला चालते. अदिदास बोस्टन १२ मध्ये अख्ख्या प्लेटऐवजी ग्लास फायबरच्या दांड्या, जरा जड पण मजबूत. अदिदासचाच ईव्हो एसएल, त्यात प्लेट नाहीच, रेसवाल्याचा फोम मात्र आहे, आणि वर मशीनशॉपने जे सांगितलं ते वाचल्यावर कळेल की हा सौदा का चांगला. प्युमा डेव्हिएट नायट्रोमध्ये कार्बनचीच प्लेट आहे पण ट्रेनिंगसाठी बनवलाय, खाली रबर भरपूर, ओल्या रस्त्यावर चिकटतो, आणि सेलमध्ये बराच खाली येतो. वेपरफ्लाय, अॅडिऑस प्रो, मेटास्पीड हे मग निव्वळ रेसचे. असिक्सने तर मेटास्पीडचे दोन प्रकार काढलेत, लांब ढांगा टाकणाऱ्यांसाठी स्काय आणि भराभर पावलं टाकणाऱ्यांसाठी एज. पण मला विचाराल तर आपल्या पेसला हा फरक शोधण्यापेक्षा करंगळी कुठे दाबली जात नाही ते शोधा. रुंद पायाला अर्धा नंबर वर घेऊन भागत नाही कधीकधी, लांबी वाढते, रुंदी तेवढीच राहते आणि टाच आत वर-खाली व्हायला लागते.

आयुष्य पण बघा. अदिदासच्या अॅडिऑस प्रो ईव्हो १ या १३८ ग्रॅमच्या शूजमध्ये २०२३ ला बर्लिनला इथिओपियाच्या तिगिस्त असेफाने २:११:५३ मध्ये मॅरेथॉन मारली, किंमत तेव्हा ५०० डॉलर होती आणि कंपनीच सांगते की एक मॅरेथॉन आणि थोडा सराव एवढ्यासाठीच आहे म्हणून. तुमच्या अहोंना हे सांगू नका.

आणि एक, फार स्वस्त दिसला तर ऑनलाइन घेऊ नका. मी एका साइटवरून निम्म्या किमतीत मागवला, बॉक्स ओरिजिनल, टॅग ओरिजिनल, शूज मात्र अंगठ्याने दाबला तर फोम दबतच नव्हता. नवीन मॉडेल आलं की दुकानात मागचं मॉडेल उतरतं, तेव्हा घ्यायचं.

सुसाट_सांगली
सात किलो नाही पाच. आणि केनियाच्या किपचोगेने २०१९ ला व्हिएन्नात मॅरेथॉन १:५९:४० मध्ये मारली ती काय अनवाणी?

मशीनशॉप
अरे बाबा, समोर वारा अडवायला पेसर्सचा (वेग धरून देणाऱ्यांचा) ताफा, पुढे गाडी रस्त्यावर लेसर मारतेय, आणि मुळात तो किपचोगे. ती रेकॉर्ड म्हणून धरली पण नाही. पुढच्याच वर्षी जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने नियम केला, रस्त्यावर सोल ४० मिलिमीटरच्या वर नको आणि प्लेट एकच. आपल्याला कोण मोजपट्टी लावतोय म्हणा.

रंकाळा_पहाट
अपडेट देते. शेवटी नायलॉनवाला घेतला, मागच्या वर्षीचं मॉडेल, ९ हजारात बसला. उरलेल्यातून रोजच्यासाठी एक साधा ट्रेनर, कारण जुना खरंच मेलाय. मंगळवारी घालून ८०० चे पाच मारले, ४:२५ ला म्हणजे ५:३१ चा पेस, चौथा नेहमी जीव काढतो तो यावेळी बरा गेला, पण पाचव्याला डावी पोटरी बोलायला लागली म्हणून सहावा सोडला. आवाज मात्र फार होतो, फटफटफट, पुढे चालणारे आजोबा दचकून बाजूला झाले आणि मी पुढे गेल्यावर मागून म्हणाले, सावकाश बाळ, तळं कुठं जात नाही.

पोटरी_दुखरी
सहावा सोडलात हे बेस्ट केलंत. पुढचे तीन आठवडे आठवड्यातून एकदाच, आणि दुसऱ्या दिवशी पायरीवर उभं राहून टाचा खाली-वर, १५ चे तीन सेट. पोटरी परवापर्यंत नाही उतरली तर सांगा.

बालेवाडी_लेन_१
९ हजारात कुठं मिळाला? ६ नंबर की ७? साताऱ्याच्या मेहुणीला पाहिजे आहे.

(मेहुणीलाच पाहिजे आहे.)