केदारकंठासाठी झोपायची मॅट सुचवा (बजेट २५००, डिसेंबर अखेर)

कळव्याची_कुडकुडी
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केदारकंठाला (उत्तराखंडातला बर्फातला ट्रेक) जातेय, आम्ही पाच जण, बेस सांकरी, तीन रात्री तंबूत. ट्रेकवाले मॅट देणार आहेत पण गेल्या वर्षी गेलेल्या मैत्रिणीने त्या मॅटचा फोटो पाठवला, लग्नाच्या हॉलमधली सतरंजी त्याहून जाड असते. मी कुशीवर झोपते, कंबरेचं हाड टोचतं, आणि मला मे महिन्यातही पंखा दोनवरच लागतो यावरून काय ते समजा. बजेट २५००, फार तर २६००. वजन ७०० ग्रॅमच्या आत हवं. फोम घेऊ की हवेची? स्लीपिंग बॅग आहे (दादाची), कृपया बॅग सुचवू नका.

भटका_घोडबंदर
बॅग कुठली आहे?

सह्यवेडा_८८
डोळे झाकून थर्मारेस्ट कंपनीची हवेची एक्सथर्म घे. आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याचा आकडा) ७.३, वजन अर्ध्या किलोच्या आत, घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी होते. मी चुलतभावाकडून अमेरिकेतून आणवली. बर्फावर झोपलो आणि खाली बर्फ आहे हेच विसरलो.

कळव्याची_कुडकुडी
@सह्यवेडा_८८ दादा ती केवढ्याला पडली?

सह्यवेडा_८८
किंमत नको विचारूस, चांगल्या वस्तूला किंमत असतेच. एकदा घेतली की दहा वर्षं बघायला नको.

सुकट_बोंबील
म्हणजे बजेटच्या दहापट. मुलीने २५०० लिहिलंय रे, वाच तरी.

पाठदुखी_पांडुरंग
हवेची अजिबात घेऊ नकोस, माझं ऐक. मी कोकणकड्यावर मुक्कामाला नेली होती, नवी कोरी, पहिलीच रात्र. झोपायच्या आधी हाताने जमीन चाचपून साफ केली होती तरी करवंदीचा एक काटा राहिलाच. रात्री दीडला जाग आली तर पाठ थेट कातळावर, मॅट पापडासारखी चपटी, आणि शेजारचे दोघे आपल्या साध्या फोमवर घोरतायत. उरलेली रात्र सॅक पाठीखाली घेऊन बसून काढली. घरी येऊन बादलीत बुडवून बुडबुडे शोधले, एक नाही तीन भोकं निघाली. पॅच लावला, पण आता त्या मॅटवर विश्वास नाही, ती बायकोने पाहुण्यांच्या मुलांसाठी ठेवलीय.

नेरुळकर_काका
ही आर-व्हॅल्यू वगैरे हल्लीची थेरं आहेत. आम्ही १९९० च्या आसपास रतनगडावर जानेवारीत गोधडी, खाली लोकसत्ताचे चार अंक आणि वर घोंगडी एवढ्यावर झोपायचो. कोणाला काही झालं नाही.

वाशी_टू_वासोटा
काका रतनगडावर बर्फ नसतो हो. केदारकंठा माथा साधारण १२,५०० फूट आहे, डिसेंबरअखेर रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि तंबू थेट बर्फावर लागू शकतो. पेपरची युक्ती चुकीची नाही, कागदाच्या थरांत अडकलेली हवाच ऊब धरते, पण बर्फ वितळून पेपर भिजला की लगदा.

कुडकुडी, तुला आधी हे सांगतो. थंडी वरून कमी आणि खालून जास्त खाते. बॅग कितीही भारी असली तरी तुझ्या अंगाखालची पिसं दबतात, त्यातली हवा निघून जाते आणि खालची बाजू चादरीएवढीच उरते. म्हणून मॅट. बॅगेवर जे तापमान छापतात ना, तेसुद्धा खाली मॅट टाकूनच मोजलेलं असतं. आर-व्हॅल्यू म्हणजे मॅट उष्णता किती अडवते तो आकडा. बर्फावर ४ च्या पुढे बघ, तुझ्यासारख्या थंडीवालीला ५ असेल तर बरं. आणि मुख्य म्हणजे दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकडे बेरजेत जातात, २ अधिक २ म्हणजे ४. ट्रेकवाल्यांची पातळ मॅट फुकट मिळतेय तर ती खाली टाक, तुझी वर.

भटका_घोडबंदर
बॅग कुठली आहे ते सांगितलं नाहीस. बॅगेवर छापलेल्या दोन तापमानांपैकी कम्फर्ट बघ, लिमिट नको. लिमिटचा आकडा पुरुषाच्या हिशोबाने असतो, कम्फर्ट बाईच्या. दादाची बॅग म्हणजे दादाने लिमिट बघूनच घेतली असणार.

कळव्याची_कुडकुडी
दादाला विचारलं, म्हणाला "मस्त बॅग आहे". एवढीच माहिती.

यऊर_वारी
घडीची फोम मॅट घे, ती अंड्याच्या ट्रेसारखी उंचवटे असलेली. थर्मारेस्टची झेड लाइट सोल आर २ आणि ४१० ग्रॅम आहे, तशीच दिसणारी एक्सपीई फोमची देशी-चिनी मॅट तुझ्या बजेटमध्ये आरामात बसते. पंक्चर नाही, फुगवणं नाही, ब्रेकला दगडावर टाकून बसता पण येतं. चंदेरी बाजू खाली टाकायची.

सुकट_बोंबील
चंदेरी वर.

यऊर_वारी
खाली. जमिनीचा गारवा परतवून लावायला.

सुकट_बोंबील
अरे गारवा परततो काय, तो काय पाहुणा आहे? अंगाची ऊब परत अंगाकडे फेकायची म्हणून चंदेरी वर. त्या कंपनीनेच तसं सांगितलंय.

यऊर_वारी
मी आठ वर्षं खाली टाकतोय, कधी थंडी वाजली नाही.

सुकट_बोंबील
आठ वर्षं तू येऊरच्या जंगलात झोपतोयस.

नेरुळकर_काका
लोकसत्ताला वरची-खालची बाजू नसायची.

लोकलचा_डबा
विषय निघालाच आहे तर, कोणीतरी त्या घडीच्या मॅटबद्दल बोला जी सॅकला आडवी बांधतात. शुक्रवारी रात्री ठाण्याला कसारा लोकलमध्ये तुमचे ट्रेकर लोक चढतात, दारात वळले की ती मॅट आमच्या तोंडावर. गेल्या महिन्यात माझा चष्मा गेला. उभी बांधा, हात जोडून विनंती.

पाठदुखी_पांडुरंग
@लोकलचा_डबा उभी बांधली तर तंबूत आणि करवंदीत अडकते. पण चष्म्याबद्दल वाईट वाटलं. आणि विमानाने जाणार असशील कुडकुडी, तर फोम बाहेर बांधू नकोस, माझी चेक-इनमधून आली तेव्हा एक कोपरा कुरतडल्यासारखा होता. आणि हवेची घेऊ नकोस.

सह्यवेडा_८८
हवेची म्हणजे सगळ्या वाईट नाहीत. काही स्वस्त मॅट आतून पोकळ असतात, आत काहीच अस्तर नसतं, त्यात हवा फिरत राहते आणि तुमची ऊब बर्फाला नेऊन देते. तळ्यावरच्या ट्यूबवर झोपल्यासारखं. एक्सथर्ममध्ये आत चकाकत्या फिल्मचे थर असतात. कुशी बदलली की जरा कुरकुर वाजते तेवढंच.

तंबूतला_तिसरा
तेवढंच? मी तुझ्याच तंबूत होतो. रात्रभर कोणीतरी वेफर्सचं पाकीट फोडतंय असं वाटत होतं.

वाशी_टू_वासोटा
😂 हवेचीच घेतलीस तर तोंडाने फुगवू नकोस, श्वासातला ओलावा आत जाऊन गोठतो, पंप-पिशवी वापर. आणि संध्याकाळी फुगवलेली रात्री ढिली लागली तर पंक्चर समजून घाबरू नकोस, गारठ्याने हवा आकसते, झोपायच्या आधी दोन फुंका परत मारायच्या. ऑनलाइन स्वस्त मॅटवर "आर ५.८" छापलेलं दिसलं तर एएसटीएम या प्रमाणित टेस्टचा उल्लेख आहे का बघ, नसेल तर तो आकडा विकणाऱ्याच्या मनातला.

खारघर_खादाडी
सांकरीत भाड्याने मिळतं सगळं. घेताच कशाला? ते पैसे देहरादूनला मोमोजवर घाला.

यऊर_वारी
घडीचा फोम घे. चंदेरी खाली.

कळव्याची_कुडकुडी
सगळ्यांना धन्यवाद, पण फोमवर कंबर टोचेल त्याचं काय? दीड-दोन सेंटीमीटरच तर जाडी असते. काल रात्री मैत्रिणीचा घडीचा फोम आणून हॉलमधल्या लादीवर झोपून बघितलं, एसी १८ वर, तासाभरात बाबा उठून आले आणि एसी बंद करून गेले. पण तेवढ्यात उजवं हाड बधिर झालं होतं. ऊब मात्र खरंच आली, लादी अजिबात लागली नाही.

वाशी_टू_वासोटा
चाचणी एकदम बरोबर केलीस, असं कोणी करत नाही. मग कुशीवाल्यांना उपाय एकच, खाली फोम आणि वर जाड अस्तरवाली हवेची. पंक्चर झालीच तरी खाली फोम आहे. ट्रेकवाल्यांचा फोम + तुझी हवेची. बजेट थोडं वाढव, साडेतीन-चारपर्यंत.

पाठदुखी_पांडुरंग
करवंदीचा काटा विसरू नकोस.

सुकट_बोंबील
पांडुरंगा, बर्फात करवंदं कुठली.

नेरुळकर_काका
गोधडी कुशीवर पण टोचत नाही. आमच्या हिच्याकडे दोन आहेत, सहावारी लुगड्यांच्या, येऊन बघून जा.

*(चार दिवसांनी)*

कळव्याची_कुडकुडी
अपडेट. मॅट घेतली. आधीच सांगते, ओरडू नका. मॉलमधल्या दुकानात सगळ्या मॅट जमिनीवर टाकायला लावल्या आणि प्रत्येकीवर दहा-दहा मिनिटं कुशीवर पडले, तिथला मुलगा शेवटी चहा प्यायला निघून गेला. हवेच्या मॅटवरून मी दोनदा घरंगळले. फोमचं तुम्हाला माहीतच आहे. शेवटी आतून स्पंज असलेली, व्हॉल्व्ह उघडला की आपोआप फुगणारी घेतली. चार सेंटीमीटर जाड, आर ३.८, टेस्टचा उल्लेख आहे, बघून घेतला. खाली ट्रेकवाल्यांची सतरंजी येईलच. ३२०० पडले. वजन १ किलो १०० ग्रॅम.

सह्यवेडा_८८
अकराशे ग्रॅम?? तू ७०० म्हणाली होतीस.

यऊर_वारी
ही तर इथे एकाने पण सांगितली नव्हती.

कळव्याची_कुडकुडी
हो ना. म्हणूनच पूर्ण धागा दोनदा वाचला. सॅक खेचरावर देणार आहे, त्याचे पैसे आईने दिले. दुकानात पाच मिनिटांत डोळा लागला हो माझा, अजून काय बघायचं.

भटका_घोडबंदर
सगळं ठीक पण दादाच्या बॅगेवरचं लेबल बघितलंस का?

कळव्याची_कुडकुडी
बघितलं. कम्फर्ट ५ अंश. शून्याच्या वर.

भटका_घोडबंदर
मी पहिल्या दिवसापासून हेच विचारतोय.

कळव्याची_कुडकुडी
नवीन धागा काढते. बजेट आता उरलेलं नाही.

लोकलचा_डबा
ती आपोआप फुगणारी गुंडाळली की केवढी होते? सॅकच्या आत मावते ना?

नेरुळकर_काका
गोधडी तयार आहे. रविवारी सकाळी या, पोहे असतील.