बेसबॉल: हाय-ए (मेजर लीगच्या तीन पायऱ्या खालची मायनर लीग) मधला २० वर्षांचा पिचर, वेग ९७ मैल पण वॉक (चार बॉल झोनबाहेर टाकून बॅटरला फुकट बेस देणं) फार. स्टार्टर (मॅच सुरू करून बऱ्याच इनिंग टाकणारा पिचर) होईल का?

उजवाहात: मंडळी, दोन सीझन झाले मी जवळच्या हाय-ए टीमच्या मॅच बघायला जातोय, तिथे एक २० वर्षांचा राइटी (उजव्या हाताने टाकणारा) आहे, हायस्कूलमधूनच ड्राफ्टमध्ये टीमने निवडलेला. नाव नाही लिहीत, पोरगा लहान आहे, उगाच शिक्का नको. फास्टबॉल ९५ ते ९७ मैल, स्लायडर (वेगात येऊन बाजूला वळणारा बॉल) तर असा की बॅटर हवेत बॅट फिरवून परत जातात. पण दोन इनिंगमागे एक तरी वॉक देतोच आणि चौथ्या इनिंगपर्यंत ८० पिचेस होऊन जातात, की मॅनेजर बाहेर येतोच. स्काउट (खेळाडू पारखणारे) २० ते ८० च्या स्केलवर मार्क देतात आणि ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, एवढं माहितीये. पण स्टँडमध्ये बसून नेमकं बघायचं काय? हा स्टार्टर होईल की बुलपेनमध्ये, म्हणजे नंतर येऊन एखाद-दोन इनिंग टाकणाऱ्या रिलीव्हरांत, जाईल? मला मनापासून वाटतं पोरगा वर जावा.

चेंजअपवाला: वेगाचं आता काही नाही रे, हाय-एमध्ये ९५ टाकणारे बरेच सापडतात. तिसरा पिच (बॉल टाकायचा तिसरा प्रकार) आहे का ते बघ. राइटीचा स्लायडर लेफ्टी बॅटरच्या बॅटकडेच वळत येतो, म्हणून त्यांच्यासाठी चेंजअप लागतो, फास्टबॉलपेक्षा ८-१० मैल हळू पण हात मात्र तेवढ्याच जोरात आला पाहिजे. आपल्याकडे स्लोअर बॉल टाकताना हात मंदावला की बॅट्समन ओळखतो ना, अगदी तसंच. स्टार्टरला तेच नऊ बॅटर एका मॅचमध्ये दोनदा, तीनदा भेटतात, दोनच पिच असले तर तिसऱ्या वेळी ते वाट बघत उभे असतात. तुझा पोरगा मॅचमध्ये चेंजअप किती टाकतो, मोजलंयस का कधी?

मातीवरचीखूण: कंट्रोल आणि कमांड वेगळं धरा. कंट्रोल म्हणजे बॉल स्ट्राइक झोनमध्ये (बॅटरसमोरच्या वैध चौकटीत) टाकणं, कमांड म्हणजे कॅचरने ग्लोव्ह जिथे धरलाय तिथेच टाकणं. कॅचरचा ग्लोव्ह किती सरकतो तेवढंच एक इनिंग बघा, स्कोअरबोर्डवरच्या वेगाकडे बघूच नका. आणि शक्य असेल तर होमप्लेटच्या (बॅटर उभा राहतो तिथल्या) मागे बसा, दुर्बीण असेल तर न्या, माउंडवर (पिचर टाकतो त्या मातीच्या उंचवट्यावर) पुढचा पाय पडतो तिथे मातीत खड्डा होतो. पाय दरवेळी त्याच खड्ड्यात पडला तर डिलिव्हरी रिपीट होतेय. थकल्यावर पाय फर्स्ट बेसच्या बाजूला पडायला लागला की खांदा लवकर उघडतो, मग हात मागे राहतो आणि बॉल वर जातो. हे सुधारता येतं, २० हे काही वय नाही. जेकब डिग्रॉम कॉलेजात मुख्यतः शॉर्टस्टॉप होता, २०१० ला नवव्या राउंडमध्ये गेला, त्याच वर्षी कोपराचं ऑपरेशन झालं, मेजरमध्ये आला २०१४ ला, वय २५, आणि पुढे दोनदा साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस). उलट पॉल स्कीन्स २०२३ ला ड्राफ्ट आणि मे २०२४ ला पिट्सबर्गसाठी माउंडवर, पण तो कॉलेजातून तयार होऊन आलेला, त्याच्याशी हायस्कूलच्या पोराची तुलना करूच नका. खरी परीक्षा डबल-एला (हाय-एच्या वरच्या पायरीला) होते, तिथले बॅटर झोनबाहेरच्या स्लायडरला बॅटच लावत नाहीत.

नववीइनिंग: बुलपेन म्हणजे नापास असं सगळे का धरतात मला कळत नाही. मारियानो रिवेराने १९९५ ला १० मॅच स्टार्ट केल्या होत्या, जमलं नाही, मग रिलीफला गेला आणि ६५२ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखलेल्या मॅच), हॉल ऑफ फेममध्ये एकमताने. एका इनिंगसाठी हाच पोरगा ९९ टाकू शकेल.

चेंजअपवाला: रिवेरा एकच झाला हो. २० व्या वर्षी बुलपेनमध्ये टाकलं तर चेंजअप शिकायला इनिंग्ज कुठून मिळणार? आधी स्टार्टर म्हणून जेवढं ताणता येईल तेवढं ताणू द्या, रिलीव्हर नंतर कधीही करता येतो.

कोपरजपा: मला काळजी दुसरीच आहे, ४ इनिंगमध्ये ८० पिचेस म्हणजे हात सतत ताणाखाली. टॉमी जॉन या पिचरच्या कोपराच्या लिगामेंटचं ते ऑपरेशन डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ ला केलं आणि आता ते इतकं सर्रास झालंय की लोक सहज बोलतात, पण पिचरचं साधारण वर्ष-दीड वर्ष जातं त्यात, आणि शिकण्याच्या वयातलं वर्ष. म्हणून टीम दरवर्षी इनिंग्ज थोड्या थोड्या वाढवते. मॅनेजरने चौथ्या इनिंगला काढलं की लोक ओरडतात, मला उलट बरं वाटतं.

उजवाहात: सगळ्यांचे आभार, काल मुद्दाम होमप्लेटच्या मागे बसलो. चेंजअप मोजले, ७४ पिचेसमध्ये ६, त्यातले ५ लेफ्टींना, आणि एकावर तर बॅटर इतका पुढे गेला की हेल्मेट पडलं! पाय पहिल्या दोन इनिंग तोच खड्डा धरून होता, तिसऱ्यात बेसवर रनर आला आणि स्ट्रेचमधून (रनर असताना वापरायच्या आखूड ॲक्शनने) टाकायला लागल्यावर सरळ फर्स्ट बेसकडे पडायला लागला, तिथेच दोन वॉक गेले. म्हणजे प्रॉब्लेम थकण्याचा नसून स्ट्रेचचा वाटतोय. मातीवरचीखूण, पुढच्या स्टार्टला फक्त रनर असतानाचे पिचेस लिहून आणतो, बघून सांगाल का?