मातीची घरं म्हणजे श्रीमंतांची हौस?

चुनखडी: "पर्यावरणाची काळजी असेल तर नवं तंत्र वापरा, माती-चुना ही श्रीमंतांची हौस आहे," अशी पोस्ट सकाळपासून फिरतेय. राहवलं नाही. माणूस जगभर हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा. त्यातला निम्म्याहून जास्त इंधनाचा नाहीच, तो सिमेंटसाठी तापवलेल्या चुनखडीतूनच सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवलीत तरी सुटणारच. येमेनमधल्या शिबामला कच्च्या विटांच्या बहुमजली इमारती आहेत, बऱ्याचशा १६व्या शतकातल्या. ही हौस?

साइटवरचा: शिबामच्या भिंतींना पुन्हा पुन्हा मातीचा लेप द्यावा लागतो, ते का गाळलंत? आणि किल्लारीचा भूकंप विसरलात? ३० सप्टेंबर १९९३. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, डोक्यावर मातीचं जड छत. पहाटे झोपेतली माणसं गाडली गेली. हलके एएसी (हवेच्या बुडबुड्यांच्या काँक्रीटचे) ब्लॉक आणि नीट सळई असलेला सांगाडा हवा, पुराणं नकोत.

गवंड्याची लेक: भिंतीचे दोन्ही थर जखडणारे आरपार दगड नव्हते, चहूबाजूंनी आवळणारा पट्टा नव्हता. दोष रचनेचा होता, बिल एकट्या मातीवर फाडू नका. पण माझा खरा राग सिमेंटच्या गिलाव्यावर आहे. आमच्या जुन्या घराचा चुन्याचा गिलावा ठेकेदाराने खरवडला आणि "कायमचं काम" म्हणून सिमेंट थापलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पोपडे धरले. एक पोपडा ओढला तर मागची माती ओल्या कणकेसारखी बोटांना लागली! जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून सुकायची, ती सिमेंटने आत कोंडली.

साइटवरचा: म्हणजे जोत्यात ओलरोधक थर नव्हता. त्याचं खापर सिमेंटवर का?

गवंड्याची लेक: जुन्या घरांत तो नसायचाच, म्हणून तर चुना! माझे वडील जन्मभर चुना मुरवत आले. तुमच्यासारख्या साहेबांनी त्यांना "अडाणी" म्हणून कामावरून काढलं.

साइटवरचा: मी कुणाच्या वडिलांना काढलेलं नाही. वैयक्तिक येऊ नका.

चुनखडी: गिलावा राहू द्या हो, मूळ मुद्दा कार्बनचा आहे.

गवंड्याची लेक: गिलावा कसा राहू द्या? दुरुस्त्या अशाच होत राहिल्या तर जुनं घर पडतं आणि जागी नवं काँक्रीट उभं राहतं. तो कार्बन कोण मोजतं?

तिसरी बाजू: भांडताय कशाला? दाबून केलेल्या मातीच्या विटेत साधारण ५ टक्के सिमेंट घातलं की ती पावसाला टिकते, भट्टीही लागत नाही. एलसी३ सिमेंटमध्ये निम्मं क्लिंकर (भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ माल) काढून भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची पूड घालतात, उत्सर्जन ३० ते ४० टक्के घटतं. यातलं जुनं कुठलं, नवं कुठलं?

साइटवरचा: एलसी३ मान्य. मातीची वीटही एकमजली घराला चालेल, पट्टे घातले तर. दहा मजल्यांना नाही. आणि चुना मुरवणारा माणूस मला आणून दाखवा, मग बोलू.

गवंड्याची लेक: माणूस आहे. रोज काम द्याल का, ते आधी सांगा.